प्रवासाचे प्रश्न : कोप्रिवश्तित्सा एका दिवसात उरकेल का?

प्रश्न : ताई, मुलगी नोकरीनिमित्त बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात असते. जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे चाललो आहोत. कोप्रिवश्तित्सा नावाच्या डोंगरातल्या जुन्या गावाचे फोटो पाहिल्यापासून हिला तिथे जायचंय. मुलगी म्हणते, 'प्लोवदिव्ह शहराचा जुना भाग पाहणारच आहोत, पुन्हा तीच घरं कशाला?' माझे गुडघेही कुरकुरतात. एका दिवसात जाऊन येता येईल का?

उत्तर : येईल. सोफियापासून अंतर जेमतेम ११० किलोमीटर. पण रात्र तिथेच काढा. मी पहिल्यांदा एका दिवसात उरकायला गेले आणि सहा संग्रहालय-घरांच्या नादात एकही धड पाहिलं नाही.

लेकीचं म्हणणं अर्धं खरं आहे. १८५४ चं ल्युतोव्ह घर प्लोवदिव्हच्याच कारागिरांनी बांधलंय. फरक असा, की प्लोवदिव्हला घरांचे वरचे मजले थेट गल्लीवर झुकलेले दिसतात. इथे गल्लीतून दिसते ती उंच दगडी भिंत आणि जाड लाकडी दरवाजा. तो ढकलला की आत अंगण, आणि अंगणापलीकडे निळं, पिवळट किंवा तांबडं घर. दरवाजा उघडण्याची ती गंमत प्लोवदिव्हला नाही.

गुडघ्यांचा विचार करता दोनच घरं निवडा. पहिलं ओस्लेकोव्ह. १८५६ मध्ये पूर्ण झालेल्या या घराच्या दर्शनी भिंतीवर दूरदूरच्या शहरांची चित्रं रंगवलेली आहेत. इथले लोक मेंढ्यांचा आणि लोकरी कापडाचा व्यापार करत इस्तंबूल, इजिप्तपर्यंत जात. पैसा तिकडून आला आणि ती चित्रंही त्याच फिरस्तीची हौस. दुसरं ल्युतोव्ह. तिथल्या लाकडी छताचं कोरीवकाम बघायला मी भिंतीकडेच्या बैठकीकडे वळले, तर राखणदार बाईंनी डोळे वटारले. बसायचं नाही! तळमजल्यावर लोकर दाबून केलेल्या घोंगड्या मांडल्या आहेत, त्या चुकवू नका. सगळी संग्रहालय-घरं एकाच दिवशी बंद नसतात. काही सोमवारी, काही मंगळवारी. त्यामुळे बुधवारी किंवा त्यानंतर जाणं बरं.

ही घरं उरली कशी, हेही ऐका. ऑटोमन तुर्की सत्तेविरुद्धच्या १८७६ च्या एप्रिल उठावाची पहिली गोळी याच गावात, एका छोट्या दगडी पुलाजवळ सुटली. उठावाचा इथला म्होरक्या तोदोर काब्लेश्कोव्हने शेजारच्या पानाग्युरिश्ते गावाला उठाव सुरू झाल्याचं कळवलं, ते मारल्या गेलेल्या माणसाच्या रक्ताची खूण केलेल्या पत्रातून. पुढे सूड घ्यायला बाशीबाझूक, म्हणजे ऑटोमनांच्या बेशिस्त हंगामी सैनिकांच्या टोळ्या आल्या. गावातल्या धनिकांनी त्यांना पैसे चारले आणि गाव वाचलं. बाताक गाव जळलं, पानाग्युरिश्ते जळलं, हे उभं राहिलं. शौर्याच्या गोष्टीत लाच जरा ओशाळवाणी वाटते. मला मात्र त्या लाच देणाऱ्यांचं कौतुक आहे.

उरलेला वेळ कवी दिमचो देबेल्यानोव्हसाठी ठेवा. १९१६ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तो पहिल्या महायुद्धात पडला. निळ्या चर्चच्या आवारात त्याच्या थडग्यापाशी मूर्तिकार इव्हान लाझारोव्हने त्याची आई पुतळ्याच्या रूपात बसवली आहे. वाट पाहणारी, हात हनुवटीला टेकलेली. आम्ही गेलो तेव्हा तिच्या मांडीवर कुणीतरी रानफुलं ठेवली होती, आणि पावसाने ती चिकटून बसली होती. हे संध्याकाळी बघा, सहलीच्या बस निघून गेल्यावर. म्हणूनच रात्र काढा म्हणते.

खाण्याची काळजी नको. बॉब चोर्बा म्हणजे घेवड्याचं पातळ सूप, तारातोर म्हणजे दह्या-काकडीचं गार सूप. शेन्गेन व्हिसा चालतो आणि जानेवारी २०२६ पासून पैसेही युरोतच. रस्ते मात्र गोट्यांचे आहेत, तेव्हा जाड तळव्याचे बूट घाला आणि वहिनींच्या पर्समध्ये गुडघ्याचा पट्टा टाका.

रेल्वेने गेलात तर स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब आहे आणि बस गाडीच्या वेळेला येते. मी बसवाल्याला विचारलं, 'कोप्रिवश्तित्सा?' त्याने मान डावी-उजवीकडे हलवली. मी 'बरं' म्हणून मागे सरले, बस निघून गेली. तिकडे ती खूण 'हो'ची असते, हे मला दीड तासाने, पुढच्या बसची वाट पाहताना एका आजींनी समजावलं. तुम्ही तोंडाने विचारा : 'दा' म्हणाला तर चढा, 'ने' म्हणाला तर थांबा.