एटीएमपर्यंत ग्राहकाला न्यायला बीकन लावावेत, की जीपीएस पुरेल?

तुमच्या सहकारी बँकेची शहरात चाळीस एटीएम आहेत. ग्राहक जवळपास आला की ॲपने त्याला मशीनपर्यंत न्यावं, अशी संचालकांची इच्छा आहे. त्यासाठी सगळीकडे ब्लूटूथ बीकन, म्हणजे सतत रेडिओ सिग्नल सोडणाऱ्या छोट्या डब्या, बसवायच्या की फोनचं जीपीएस पुरेल, असं तुम्ही विचारलंय.

मी एका बँकेसाठी हे काम केलं आहे. मशीन कुठल्या रस्त्यावर आहे, हे सांगायला जीपीएस पुरतं. बीकन लागतो तो शेवटच्या वीस पावलांसाठी. ती वीस पावलं कोणाला सगळ्यात जड जातात, हे मला माझ्या मामांमुळे कळलं.

मामांची दृष्टी जाऊन बारा वर्षं झाली. फोन टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, चालवतात, काठी घेऊन एकटे फिरतात. आमच्या पहिल्या चाचणीला ते आनंदाने आले. ॲपने ‘तुम्ही पोहोचलात’ म्हटलं तेव्हा ते एका रसवंतीच्या दारात उभे होते. एटीएम त्याच इमारतीत, पण शेजारच्या बोळातून आत, तीन पायऱ्या चढून, काचेच्या दारामागे. मदत करायची नाही असं ठरलेलं, म्हणून मी दहा फुटांवर गप्प उभी. त्यांनी काठीने उंबरा चाचपला, चरकाच्या घुंगरांकडे कान दिला आणि म्हणाले, “अगं, घुंगरं डाव्या हाताला ठेवून पुढं जायचं असं सांगितलं असतंस, तर मी पोचलो असतो.” खूण अगदी बरोबर होती. पण पावसाळ्यात रसवंती बंद असते, मग तिथे काय ऐकायचं? अशा जागी बीकन हवा.

जीपीएस मोकळ्या मैदानात पाचेक मीटरपर्यंत बरोबर असतं; उंच इमारतींच्या मध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका भलत्याच गाळ्यावर जातो. ‘या परिसरात आलात’ अशी सूचना देण्यासाठी आखतात त्या वर्तुळाची त्रिज्या निदान १०० ते १५० मीटर ठेवा, असं अँड्रॉइडच्या मार्गदर्शनातच लिहिलं आहे. शिवाय आयफोनवर एका ॲपला एका वेळी अशी २० ठिकाणंच पाळतीवर ठेवता येतात. तुमची चाळीस मावणार नाहीत. जवळची वीस ठेवून बाकीची बदलत राहावी लागतील. हे आमच्या उशिरा लक्षात आलं.

आता बीकनचं. ॲपलने २०१३ मध्ये आयबीकन आणला, तेव्हापासून पद्धत फारशी बदललेली नाही. ती डबी फक्त आपलं नाव पुकारत राहते: बँक कोणती, शाखा कोणती, मशीन कोणतं, आणि एक मीटरवरून माझा आवाज किती मोठा असतो. समोरून कोण गेलं हे तिला कळत नाही. आवाज किती मोठा आला त्यावरून फोन अंतराचा अंदाज करतो, आणि तो अंदाजच असतो. ब्लूटूथच्या लहरी पाणी शोषून घेतं, आणि माणसाच्या शरीरात पाणीच जास्त. मी बीकनसमोर मीटरभर अंतरावर उभी राहिले तेव्हा सिग्नलच्या जोराचा आकडा उणे ६० च्या आसपास होता (उणे जितकं मोठं, तितका सिग्नल क्षीण). जागा न सोडता नुसती पाठ फिरवली तर उणे ७५ झाला. फोनच्या हिशेबात मी पाच-सहा मीटर लांब गेले होते!

म्हणून ग्राहकाला मीटर दाखवू नका. काही सेकंदांच्या आकड्यांची सरासरी काढा आणि ‘जवळ येताय’, ‘दारापाशी आहात’ एवढंच बोला. बीकन मशीनजवळ ठेवू नका, तिथे सगळं लोखंड. दाराच्या चौकटीवर, माणसाच्या डोक्याच्या वर लावा. बोळ असेल तर दुसरा बोळाच्या तोंडाशी. वीज मशीनच्या यूपीएसवरून घेता आली तर उत्तम, नाहीतर सेल कधी बदलला ती तारीख डबीवर लिहा. आमचा एक बीकन रंगकाम करणाऱ्याने काढून खिडकीत ठेवला होता आणि तीन आठवडे कोणाला पत्ता नव्हता.

सूचनांची भाषा स्वतःच्या मनाने रचू नका. लंडनच्या पिमलिको मेट्रो स्थानकात २०१५ मध्ये अंध प्रवाशांबरोबर वेफाइंडर नावाच्या, फोनमधून बोलून वाट सांगणाऱ्या प्रकल्पाची चाचणी झाली. त्या कामातून २०१७ मध्ये आयटीयूचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेचं, एफ.९२१ हे मानक आलं. ते वाचा आणि मग मराठीत सूचना लिहा.

दोन गोष्टी मात्र कृपा करून करू नका. बीकनजवळ आलेल्या माणसाला कर्जाची जाहिरात पाठवू नका. गूगलने अशी जवळपासच्या सूचनांची सोय डिसेंबर २०१८ मध्ये बंद केली, कारण तिच्यातून नको ते संदेश येऊ लागले होते. दुसरं, बीकनची ओळख हवेत उघडी असते, कोणीही तिची नक्कल करू शकतो. तिच्या भरवशावर पैशाचा कोणताही व्यवहार किंवा ओळखीची खात्री ठेवू नका. आणि ग्राहक कोणत्या मशीनजवळ गेला, याची नोंद तुमच्या सर्व्हरवर कशाला? कोणता बीकन म्हणजे कोणतं मशीन, ही जुळणी फोनमध्येच होते.

पण बीकन विकत घेण्याआधी एक काम करा. जवळचं मशीन गाठलं आणि आत खडखडाट, यासारखा मनस्ताप नाही. महिन्यात एकूण दहा तासांपेक्षा जास्त वेळ एटीएममध्ये पैसे नसले, तर मशीनमागे १०,००० रुपये दंड, असा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून आहे. म्हणजे कोणत्या मशीनमध्ये पैसे आहेत, ही माहिती बँकेत कुठे ना कुठे असतेच. ती आधी ॲपमध्ये आणा. त्याशेजारी मशीन बोलतं का, म्हणजे इयरफोनमधून सूचना ऐकवतं का, तेही लिहा. १ जुलै २०१४ पासून बसवलेली सगळी नवी एटीएम बोलणारी आणि ब्रेल कीपॅडची असावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे, पण ती नेमकी कुठे आहेत हे मामांना कोणी सांगत नाही.

दुसऱ्या चाचणीला दोन बीकन होते. मामा बोळात शिरले, पायऱ्या मोजल्या, दार ओढलं आणि खिशातून इयरफोन काढला. मशीनवर जॅकचं भोक सापडलं, पण वायर आत जाईना. आत कागदाचा बोळा कोंबलेला होता. माझ्या केसातल्या पिनेने तो काढायला दहा मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ मामा हातात कार्ड धरून उभे होते. बीकन लावायला माणूस पाठवाल तेव्हा त्याच्याजवळ एक इयरफोन द्या आणि प्रत्येक मशीनला लावून आवाज येतो का, ते ऐकायला सांगा.