‘पीटी’ म्हणजे एनपीटी नव्हे: नवे निपल मागवण्याआधी आटे मोजा

जुनं जपानी मशीन, मॅन्युअलमध्ये हवेच्या पोर्टसमोर ‘पीटी १/४’, त्यावरून तुम्ही कॅटलॉगमधून पाव इंची एनपीटीचे ५० पितळी निपल (दोन्ही टोकांना आटे असलेले जोडतुकडे) मागवले. हाताने दोन-तीन फेरे जातात, पुढे पाना लावावा लागतो, आणि टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी हवा गळतेच. टेपचा दोष नाही, तुमच्या हाताचाही नाही. आटेच वेगळे आहेत. मला सगळ्यात महाग पडलेली चूक हीच, म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्या जपानी खुणांमध्ये पीटी म्हणजे टेपर, म्हणजे निमुळता होत जाणारा पाइप आटा आणि पीएफ म्हणजे समांतर. दोन्ही बीएसपीच्या (ब्रिटिश पाइप आट्यांच्या) घराण्यातले, आट्याचा कोन ५५ अंशांचा. आता कॅटलॉगमध्ये पीटीच्या जागी मेलला (बाहेरून आटे) ‘आर’ आणि फिमेलला (आतून आटे) ‘आरसी’ लिहितात, पीएफच्या जागी ‘जी’. एनपीटी अमेरिकन, ६० अंशांचा. नावातल्या दोन अक्षरांच्या सारखेपणापलीकडे पीटीशी त्याचा संबंध नाही.

पाव इंचीत बीएसपीला इंचाला १९ आटे, एनपीटीला १८. एका आट्यामागे फरक जेमतेम ०.०७ मिमीचा, म्हणून सुरुवातीला सगळं ठीक वाटतं. पाचव्या आट्यापर्यंत तो ०.३७ मिमी होतो आणि तिथे निपल अडकतो. अर्धा इंची आणि पाऊण इंचीत याहून वाईट फसगत होते, कारण तिथे दोन्हींना इंचाला १४च आटे आहेत. आट्यांमधलं अंतर तपासायचा पिच गेज दोन्हींवर बसतो, फिटिंग आत जातं, घट्टही होतं, आणि प्रेशर दिलं की गळतं.

‘अजून अर्धा फेरा देऊ’ हे मात्र करू नका. टेपर आटा पाचरीसारखा चालतो. व्हॉल्व्हच्या ॲल्युमिनियमच्या बॉडीत चुकीचा निपल पान्याने रेटला की पोर्टच्या तोंडापासून केसाएवढी चीर जाते. साबणाचं पाणी लावून बघा. फेस निपलच्या मुळाशी गोल येत असेल तर फक्त आटे गळताहेत, वाचलात. बॉडीवर सरळ रेघेत बुडबुडे आले तर बॉडी गेली. निपलची किंमत काय, शे-दीडशे रुपये. व्हॉल्व्हच्या बॉडीचा भाव तुम्हाला माहीत असेलच.

आता मदतकक्षाबद्दल. नाव लिहीत नाही. ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराच्या टेक्निकल विभागाला फोन करून नेमकं हेच विचारलं होतं. उत्तर मिळालं, “पीटी, एनपीटी सेमच असतं सर.” माल परत करायच्या वेळी त्याच ऑफिसने सांगितलं की मागवलेला पार्ट नंबर आणि आलेला पार्ट नंबर एकच आहे, शिवाय पुडे फोडलेत, त्यामुळे परत घेता येणार नाही. फोनची नोंद त्यांच्याकडे नव्हती, माझ्याकडेही नव्हती. तेव्हापासून फोनवरच्या तांत्रिक सल्ल्याला मी काडीची किंमत देत नाही. पार्ट नंबर, पोर्टचा फोटो आणि ‘हा याला बसेल का’ एवढा प्रश्न ईमेलवर पाठवावा, आणि आलेलं उत्तर पर्चेस ऑर्डरला जोडावं. जो माणूस तुम्हाला ‘इंचाला किती आटे’ हे उलट विचारत नाही, तो टेक्निकल नसून विक्रीचा माणूस आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

माप असं घ्या. मशीनमधून निघालेला मूळ मेल नग शोधा. एका आट्याच्या शेंड्यापासून पुढच्या पाचव्या शेंड्यापर्यंत व्हर्नियरने मोजा. पाव इंचीत ६.७ मिमीच्या आसपास आलं तर बीएसपी, ७.०५ आलं तर एनपीटी. बाहेरच्या व्यासावर भरवसा ठेवू नका. टेपरमुळे तो जागेगणिक बदलतो, आणि ‘पाव इंची’ फिटिंग मुळात १३ मिमीच्या वर असतं. मूळ नग नसेल तर आर १/४चा एक प्लग आणून पोर्टमध्ये हाताने फिरवा. तीन-चार फेरे मोकळा जाऊन हळूहळू घट्ट झाला तर पोर्ट आरसी आहे. बराच आत जाऊनही डुलत राहिला तर तो जी असू शकतो. तिथे टेप नको. जी आट्याचं मेल फिटिंग आणि तोंडावर बॉन्डेड वॉशर (रबराची कडा असलेला धातूचा वॉशर) लागेल.

मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात काउंटरवर जुना नग टेकवला की दुकानदार आट्यांवरून बोट फिरवून सांगतो. कॅटलॉगमध्ये ते काम तुमच्यावर आहे. म्हणून पहिली ऑर्डर दोन नगांची द्या, डिलिव्हरीचा खर्च जास्त पडला तरी. बसले की मग ५०. मोठी ऑर्डर आली तरी एकच पुडा फोडा, बाकीचे सीलबंद राहू द्या.

कॅटलॉगमधून मागवायचं ओघात आलंय म्हणून सांगतो: भाव नगाचा आहे की पुड्याचा, ते बघा. दहाच्या पुड्यासमोर ‘५०’ टाकलं की ५०० नग दारात येतात. काउंटरसंक (डोकं पृष्ठभागात बुडणाऱ्या) स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात, हेक्स आणि ॲलन बोल्टची डोक्याखालून. एम १०च्या हेक्स बोल्टला डीआयएन या जर्मन मानकात १७चा पाना लागतो, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकात १६चा. आणि जीएसटी नंबर ऑर्डर देण्याआधीच खात्यात भरा. बिल वैयक्तिक नावावर निघालं तर इनपुट क्रेडिटसाठी (भरलेल्या जीएसटीच्या वजावटीसाठी) पुरवठादाराच्या मागे फिरत बसाल.

हे सगळं वर्कशॉपमधल्या ६-८ बारच्या हवेसाठी लिहिलंय. हायड्रॉलिक लाइन असेल तर माझ्या भरवशावर राहू नका, त्या कामातल्या माणसाला पोर्ट दाखवा. तिथे बीएसपी आणि एनपीटी जुळवून घ्यायचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो.

उरलेले निपल भंगारात टाकू नका. केमिकल प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटची (मापन-नियंत्रण उपकरणांची) जोडणी बरीचशी एनपीटीत असते, त्यांना हवा पुरवणाऱ्या इन्स्ट्रुमेंट एअरच्या लाइनला पितळी फिटिंगही चालतात. तारापूर, महाड, लोटे भागात देखभालीची कामं घेणारा कुणी ओळखीचा असेल तर सीलबंद पुडे त्याला विचारा. पुड्यावरचं पार्ट नंबरचं लेबल मात्र फाडू नका, त्याशिवाय तो घेणार नाही.