दिवसा गिनी कोंबडी, रात्री स्प्रिंगहेअर
दक्षिण आफ्रिकेत पहिल्यांदाच छोट्या शिकारीला निघालात तर दिवस गिनी कोंबड्यांना द्या. बाराबोर बंदूक, ५ नंबरचा छर्रा, अंतर ३५ मीटरच्या आत. थव्यामागे धावू नका. त्या उडण्याआधी पळतात, तुमच्याहून जोरात. दोघांनी पुढे आडोशाला बसावं, बाकीच्यांनी सावकाश हाका करावा. हाकाऱ्यांच्या दिशेने बार नकोच.

रात्री दिव्यावर स्प्रिंगहेअर, म्हणजे कांगारूसारखा उड्या मारणारा, सशाएवढा कुरतडणारा प्राणी. त्याचे डोळे उड्यांबरोबर वरखाली होतात. पण नुसत्या चमकेवर .२२ रायफल झाडू नका; स्टीनबॉक (छोटं हरीण), मेंढरू, राखणीचं कुत्रं, सगळ्यांचेच डोळे चमकतात. आधी अंग दिसू द्या. मागे मातीचा उतार हवाच, कारण ही गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाते आणि कडक जमिनीवरून उसळते. रात्रीच्या शिकारीचे नियम प्रांतागणिक बदलतात. परवाना आणि शेतमालकाची लेखी परवानगी निघण्याआधी खिशात हवी.