प्लॉटचे ड्रोन फोटो काढू का?

प्रश्न : मखमलाबादला आमचा प्लॉट विकायचाय, एजंट म्हणतो ड्रोनने फोटो काढू, लगेच गिऱ्हाईक येईल. भाचा म्हणतो माझ्याकडे ड्रोन आहे मामा, कशाला पैसे घालवता. काय करू?

उत्तर : भाच्याला थांबवा जरा. नाशिकमध्ये ओझरचं विमानतळ, देवळालीचं लष्कर, नाशिकरोडची नोटांची प्रेस, म्हणजे कुठेही उडवला आणि चाललं असं नाहीये, आधी सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनच्या वेबसाइटवरच्या नकाशावर आपली जागा हिरव्या, म्हणजे वेगळी परवानगी न काढता उडवता येईल अशा झोनमध्ये येते का बघा, तिथेपण ४०० फुटांपर्यंतच मुभा. ड्रोन २५० ग्रॅमच्या वरचा असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे धंद्याच्या शूटिंगला पायलटचं सर्टिफिकेट लागतं, ते एजंटच्या माणसाकडेही मागाच.

फोटो सकाळी साडेसात-आठला काढा, सावल्या लांब पडतात आणि बांध, चढउतार नीट दिसतो, दुपारी सगळं सपाट पांढरं येतं. एक फोटो असा हवाच ज्यात प्लॉटपासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट पूर्ण दिसेल, गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं. आणि ते वरून गंगापूर धरण प्लॉटला चिकटलेलं दाखवायचं प्रकरण नको हं, माणूस गाडी घेऊन येतो, अंतर मोजतो आणि मग भाव पाडतो.