हरकत आली म्हणून घर थांबते का?

गावाकडील बांधकाम आणि त्यावरील हरकती या विषयावर कोल्हापूर जिल्ह्यातील वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे व गावे वगळली असून लांबलेली पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचे गावठाणातील आजोबांच्या वेळचे मातीच्या भिंतींचे घर पावसात खचले. ते पूर्ण उतरवून त्याच जागी आरसीसी घर बांधण्यासाठी मी ग्रामपंचायतीत गेलो. जागा सुमारे १,४०० चौरस फूट असून माझ्याकडे तिचा घरठाण उतारा आहे. शेजारी राहणाऱ्या चुलतभावाने तोंडी हरकत घेतली आहे. त्याचे म्हणणे असे की माझी भिंत त्याच्या परड्यात येते आणि माझ्या वरच्या मजल्यामुळे त्याच्या खिडकीचा उजेड जाईल. पंचायतीत मला सांगण्यात आले, ‘आधी हरकत मिटवून या, मग अर्ज घेऊ.’ पावसाळा तोंडावर आला आहे आणि कुटुंब भाड्याच्या खोलीत आहे. काय करावे? – एक वाचक, ता. कागल

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट चुलतभावाची हरकत नसून ‘मग अर्ज घेऊ’ हे वाक्य आहे. अर्ज स्वीकारणे आणि अर्जावर निर्णय देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अर्ज आवक नोंदवहीत चढलाच नाही, तर कायद्याच्या दृष्टीने आपण काही मागितलेलेच नाही आणि पंचायतीने काही नाकारलेलेही नाही. म्हणून प्रथम अर्ज लेखी द्यावा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा, आणि कोणी घेतच नसेल तर तो पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ खाली गावच्या हद्दीतील बांधकामाला पंचायतीची पूर्वपरवानगी लागते, हे खरे. परंतु त्याच कलमानुसार परवानगी नाकारायची असल्यास ती लेखी नाकारावी लागते. तोंडी नकाराविरुद्ध अपील करता येत नाही आणि म्हणूनच तो इतका सोयीचा ठरतो.

आता आपल्या जागेच्या आकाराकडे येऊ. डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिच्या आधारे २०२१ च्या सुरुवातीस तत्कालीन ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ यांनी ग्रामीण भागातील लहान भूखंडांसाठी सवलत जाहीर केली. त्यानुसार १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर मालकीची कागदपत्रे, जागेचा व इमारतीचा नकाशा, आणि हे सर्व नियमावलीप्रमाणे असल्याचे परवानाधारक अभियंत्याचे किंवा वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र पंचायतीस सादर करून विकास शुल्क भरायचे असते. नगररचना कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. १,६०० ते ३,२०० चौरस फुटांपर्यंत पंचायतीने कागदपत्रे पाहून दहा दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र द्यावे, असे अपेक्षित आहे. आपली जागा पहिल्या गटात बसते. ही सवलत अनेक गावांत कागदावरच राहिली आहे; ती मागणाऱ्याने तिचा उल्लेख अर्जातच स्पष्ट शब्दांत करावा.

या सवलतीत मालकीची कागदपत्रे हा कळीचा भाग आहे, आणि आपले पत्र नेमके तेथे मोघम आहे. आपण केवळ घरठाण उताऱ्याचा, म्हणजे नमुना आठचा, उल्लेख केला आहे. नमुना आठ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे. तिच्यावर नाव असणे हा मालकीचा निर्णायक पुरावा नाही. आपल्या गावठाणाची स्वामित्व योजनेखाली ड्रोनने मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिका व सनद मिळवावी. त्या पत्रिकेवर कोणाची नावे आहेत, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. आजोबांच्या मिळकतीचे रीतसर वाटप झालेच नसेल आणि चुलतभावाचे नावही सामाईक म्हणून लागलेले असेल, तर तो शेजारी नसून सहहिस्सेदार आहे, आणि मग त्याची हरकत वजनदार आहे. अशा वेळी नोंदणीकृत वाटपपत्र, हक्कसोडपत्र किंवा किमान लेखी संमतीपत्र याला पर्याय नाही. ‘तोंडी वाटणी चाळीस वर्षांपूर्वी झाली आहे, साऱ्या गावाला ठाऊक आहे’ हे वाक्य मला निम्म्या पत्रांत वाचायला मिळते. गावाला ठाऊक असलेली वाटणी भूमी अभिलेख कार्यालयाला ठाऊक नसते.

जागा आपल्या एकट्याच्या नावे असेल, तर हरकतीचे दोन तुकडे करावेत. भिंत परड्यात येते की नाही, हा हद्दीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करून मिळते. मोजणीच्या वेळी चुलतभावाला नोटीस जाते, तो हजर राहू शकतो आणि खुणा सर्वांसमक्ष दाखविल्या जातात. पाया खणण्याआधी मोजणी करून घेणे हे मोजणी शुल्क वाचविण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते. दोन मजले चढल्यावर निघालेल्या सहा इंचांच्या अतिक्रमणावर दिवाणी न्यायालयात पिढी जाते.

उजेडाची हरकत वेगळ्या जातीची आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे एखाद्या इमारतीला वीस वर्षे शांततेने, अखंड आणि सुविधाधिकार म्हणून उजेड व हवा मिळत असेल, तर तसा हक्क प्राप्त होऊ शकतो. तो हक्क आहे की नाही आणि नव्या बांधकामाने त्याला खरोखर बाधा येते की नाही, हे दिवाणी न्यायालय ठरविते. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी किंवा तंटामुक्त समिती नव्हे. तंटामुक्त समितीने दोघांना समोरासमोर बसविले तर उत्तमच. गावात राहायचे दोघांनाही आहे आणि खिडकीसमोर तीन फूट जागा सोडून प्रश्न सुटत असेल, तर वकिलाची फी देण्यापेक्षा तो मार्ग शहाणपणाचा आहे. परंतु समझोता न होणे हे परवानगी अडविण्याचे कायदेशीर कारण होऊ शकत नाही. न्यायालयाचा मनाई हुकूम असल्याशिवाय केवळ हरकतीच्या अर्जाने बांधकाम थांबत नाही. चुलतभाऊ न्यायालयात जाईल अशी चिन्हे असतील, तर आपण आधीच कॅव्हेट दाखल करून ठेवावे. म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय एकतर्फी हुकूम होण्याची शक्यता राहत नाही. कॅव्हेटची मुदत ९० दिवसांची असते, तेव्हा ती संपण्याची तारीख लक्षात ठेवून गरजेप्रमाणे नव्याने दाखल करावे.

एक सावधगिरीची सूचना. पंचायतीने मुदतीत उत्तर दिले नाही म्हणजे परवानगी मिळालीच, असे समजून घाईने पाया खणू नये. मानीव परवानगीचा लाभ नियमात बसणाऱ्या नकाशालाच मिळतो, आणि नकाशा नियमात बसतो की नाही यावरच बहुधा पुढचा वाद उभा राहतो.

प्रश्न : माझ्याकडे उसाची २२ गुंठे जमीन आहे. गावातील घर अपुरे पडते म्हणून शेतात घर बांधायचे आहे. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात घर बांधायला परवानगी कशाला? शिवाय अर्धी जमीन धाकट्या भावाच्या नावे करायची आहे. – एक वाचक, ता. हातकणंगले

उत्तर : ‘शेतघराला परवानगी लागत नाही’ या समजुतीने जिल्ह्यात जितकी घरे अडचणीत आली आहेत, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने आली असतील. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४१ मध्ये शेतीला पूरक इमारतीची मुभा आहे आणि समजुतीचे मूळ तेथे आहे. परंतु प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात विकास नियंत्रणाचे नियमही लागू होतात आणि त्यांनुसार शेती विभागातील शेतघरासाठी किमान ०.४० हेक्टर, म्हणजे ४० गुंठे, क्षेत्र लागते आणि तेही विकास परवानगी घेऊनच. आपले २२ गुंठे त्यात बसत नाहीत, आणि त्यांचे दोन भाग केले तर आणखी बसणार नाहीत.

आपण पाहायची गोष्ट वेगळी आहे : आपला गट गावठाणापासून किती अंतरावर आहे? संहितेत पुढे घातलेल्या कलम ४२-ड मुळे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीला निवासी वापरासाठी स्वतंत्र बिनशेती परवानगीचा जुना लांबलचक मार्ग चोखाळण्याची गरज उरली नाही. शासनाची ठरलेली रक्कम भरावी लागते आणि बांधकामाची परवानगी अर्थातच घ्यावी लागते. या तरतुदींत अलीकडे वरचेवर दुरुस्त्या होत आहेत. म्हणून अर्जापूर्वी तहसील कार्यालयातून त्या दिवशी लागू असलेली रक्कम व कार्यपद्धती लेखी घ्यावी, आणि नगररचना कार्यालयातून गटाचा झोन दाखला काढावा. सातबारावर भोगवटादार वर्ग २ (विकण्यावर शासनाची बंधने असलेली जमीन), इनाम किंवा देवस्थान असा शेरा असेल तर मात्र या सवलतीवर विसंबू नये. आधी त्या शेऱ्याचा निकाल लावून घ्यावा लागतो.

भावाच्या नावे जमीन करण्याबाबत : २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे बहुतेक जिल्ह्यांत शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे ठरविले आहे. आपली जमीन बागायत म्हणून नोंदलेली असेल तर ११ गुंठ्यांचे दोन हिस्से त्या मर्यादेत येतात. सातबारावरील नोंद जिरायत असेल तर येत नाहीत, मग शेतात ऊस उभा असला तरी.

प्रश्न : आमचा भूखंड पंचगंगेच्या काठच्या गावात आहे. बिनशेती झालेला आहे. तरीही पूररेषेचे कारण देऊन बांधकाम परवानगी नाकारली. शेजारच्या दोन भूखंडांवर बंगले उभे आहेत. हा अन्याय नव्हे काय? – एक वाचक, ता. करवीर

उत्तर : आपला संताप समजतो; तरी नदीकाठच्या गावातील पूररेषेला मी कागदी अडथळा म्हणणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. त्या पाण्यात ज्यांची जनावरे आणि धान्य गेले, त्यांच्यातही बिनशेती भूखंडांचे मालक होते. बिनशेती आदेश जमिनीचा वापर बदलतो. पाण्याची पातळी बदलत नाही.

परंतु ‘पूररेषा’ एवढेच कारण पुरेसे नाही, हे आपण ठामपणे म्हणू शकता. रेषा दोन आहेत. निळी रेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची समजली जाते. नदी आणि निळी रेषा यांच्यामधील पट्ट्यात नवे घर बांधता येत नाही. तेथे बाग, मोकळे मैदान, वाहनतळ अशा वापरांनाच जागा आहे. निळ्या व लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात मात्र जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवून बांधकामास परवानगी देता येते. आपला भूखंड कोणत्या पट्ट्यात आहे, हे नकाराच्या पत्रात लिहिलेले नसेल तर ते लेखी मागावे, जलसंपदा विभागाच्या पूररेषा नकाशावर आपला गट दाखवून घ्यावा आणि परवानाधारक अभियंत्याकडून जागेचे तलांक, म्हणजे उंचीच्या पातळ्या, काढून जोडावेत. भूखंड मधल्या पट्ट्यात असेल, तर उंच जोत्याचा सुधारित नकाशा सादर करणे हाच सरळ मार्ग आहे.

अर्ज योग्य कार्यालयाकडे गेला आहे का, हेही पाहावे. शहराच्या हद्दवाढीऐवजी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि शहराभोवतालची ४२ गावे त्यात आली. त्या गावांत नियोजन प्राधिकारी तेच आहे. प्राधिकरणाला गावांचा विरोध आजही मावळलेला नाही. पण विरोध वेगळा आणि अर्ज कोठे द्यायचा हे वेगळे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ खाली नकार मिळाला असेल, तर कलम ४७ अन्वये आदेश कळल्यापासून ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. ही मुदत चुकवू नये.

शेजारच्या बंगल्यांचे म्हणाल, तर ते पूररेषा ठरण्याआधीचे असतील किंवा विनापरवाना असतील. दुसऱ्याच्या बेकायदा बांधकामाचा दाखला देऊन स्वतःसाठी परवानगी मिळत नाही. न्यायालये हा युक्तिवाद ऐकून घेत नाहीत.

प्रश्न : आपल्याकडे येणारी पत्रे बांधणाऱ्यांची असतील, माझे हरकत घेणाऱ्याचे आहे. आमच्या शेताकडे जाणाऱ्या पाणंदीत एकाने घराच्या पायऱ्या आणि न्हाणीघर काढले. उसाचा ट्रॅक्टर आता वळत नाही. हरकत दिली तर ‘गावात भांडणे लावतो’ असे ऐकवले जाते. – एक वाचक, ता. गडहिंग्लज

उत्तर : आपली हरकत ही मत्सराची नसून वहिवाटीची आहे, आणि अशी हरकत घेणे हा आपला हक्क आहे. मात्र ‘रस्ता अडविला’ एवढेच लिहू नये. गावनकाशाची प्रत काढून पाणंद त्यात दाखविलेली आहे का ते पाहावे, दोन्ही बाजूंचे गट क्रमांक लिहावेत, आज उरलेली रुंदी मोजून नमूद करावी आणि तारखेसह छायाचित्रे जोडावीत. सार्वजनिक रस्त्यावरील व मोकळ्या जागेवरील अडथळा दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली आहे. पंचायतीने हालचाल केली नाही तर त्याच कलमाच्या आधारे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येते. शेताकडे जाण्याची वाट अडविली गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पायऱ्या केव्हा काढल्या हे आपल्या पत्रात नाही. सहा महिने उलटले नसतील, तर पंचायतीच्या उत्तराची वाट न पाहता तो दावा आधी दाखल करावा. गळीत हंगाम सुरू होईपर्यंत थांबल्यास मुदत हातची जाईल.