नवा लेख नंतर, आधी सर्च कन्सोल उघड
अरे, ब्लॉगवर रोज नवं टाकायची घाई सोड. सर्च कन्सोल म्हणजे तुझी साइट गूगल शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं मोफत साधन. त्यातल्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये सरासरी क्रमांक चालू कर आणि इम्प्रेशन (शोधात किती वेळा दिसलास) भरपूर, क्लिक नगण्य असे शब्द शोध. ८ ते २० क्रमांकातले आधी घे, तिथे थोड्या कष्टात फरक पडतो. समजा, लोक 'खरी सोलापुरी चादर कशी ओळखायची' शोधत तुझ्या चादरीच्या लेखावर येतायत. मग सूत, वीण, धुतल्यावर रंग जातो का, हे त्याच पानावर सविस्तर लिही, शीर्षकही तसंच कर. रोमन लिपीत टाइप केलेले मराठी शोधही बघ हं. सोलापूरच्या गड्डा यात्रेवरच्या लेखाचे आकडे जानेवारीत चढतात. फेब्रुवारीत उतरले तर घाबरू नकोस, गेल्या फेब्रुवारीशी ताडून बघ. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचाच डेटा राहतो, म्हणून दर महिन्याला शीटमध्ये उतरवून ठेव.