गिब हिल पहिल्यांदाच बघायला जाताय, तर…

गिब हिल म्हणजे इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या माळावरचा प्राचीन थडग्यांचा ढिगारा. तिथे भर दुपारी जाऊ नका. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा. सावल्या लांबल्या की गवताखालचा उंचवटा आपसूक उठून दिसतो. आर्बर लोचं दगडांचं वर्तुळ पाहून बरेच जण तिथूनच मागे फिरतात, याचं मला फार वाईट वाटतं. गिब हिल तिथून जेमतेम ३०० मीटरवर आहे.

आधी लांबून, बाजूने पाहा. ही एकावर एक रचलेली दोन थडगी आहेत: खाली नवाश्मयुगातला लांबट ढिगारा आणि त्याच्या एका टोकावर कांस्ययुगातला गोल. १८४८ साली पुरातत्त्व-अभ्यासक टॉमस बेटमनने हा ढिगारा खणला, तेव्हा माथ्याजवळ दगडी पेटी सापडली. आत जळलेली मानवी हाडं आणि मातीचं भांडं होतं. इतर ढिगाऱ्यांच्या माथ्यावरही खळगा दिसला, तर तो बहुधा अशाच जुन्या खोदकामाचा असतो.

एकही दगड हलवू नका, आठवण म्हणून नवा रचूही नका. मेटल डिटेक्टर घरीच ठेवा. संरक्षित स्थळी विनापरवाना वापरणं ब्रिटनच्या १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. सशाने उकरलेल्या मातीत हाड किंवा खापर दिसलं, तर उचलू नका. शेजारी मापाला नाणं ठेवून फोटो काढा आणि तिथल्या पुरातत्त्व अधिकाऱ्याला कळवा.